गाडी कुणाची?

आमच्या संस्थेत बायकांना चारचाकी चालवायला शिकवण्याचा वर्ग चालतो. धुणीभांडी करणाऱ्या, कचरा वेचणाऱ्या, नवऱ्यानं टाकलेल्या, अशा बायका त्यात येतात. शनिवारी दुपारी गाडीवरचा सराव आटोपला की तासभर आम्ही गोल करून बसतो. वाहतुकीचे नियम, कायदा, आरोग्य, काही ना काही बोलणं होतं. अशाच एका शनिवारी मी त्यांना जॅनेट गथ्रीची गोष्ट सांगितली. अमेरिकेत मोटारींच्या मोठमोठ्या शर्यतींत उतरलेली ही बाई. हेल्मेट घातलेले तिचे फोटो दाखवले. ‘बाईला हे झेपणार नाही’ असं म्हणणाऱ्यांच्या नाकावर टिच्चून तिनं ते कसं करून दाखवलं, हे सांगताना मी चांगलीच रंगात आले होते. टाळ्याही पडल्या. टाळ्या थांबल्यावर मागं बसलेल्या, पंचेचाळिशी ओलांडलेल्या एक बाई म्हणाल्या, “ताई, समदं खरं. पण गाडी कुणाची होती?”

मला उत्तर देता आलं नाही. ‘असेल तिचीच’ असं काहीतरी बोलून मी वेळ मारून नेली. पण प्रश्न विचारणाऱ्या बाई कोण होत्या ते मला ठाऊक होतं. आमच्याच आधीच्या बॅचमधून दोन वर्षांपूर्वी त्यांना पक्कं लायसन मिळालं होतं. त्यानंतर त्यांनी एकदाही गाडी चालवली नव्हती, कारण चालवायला गाडीच नव्हती. हात विसरू नये म्हणून त्या वर्गाला येऊन बसत. घरी आल्यावर मी जॅनेटची कहाणी पुन्हा वाचायला घेतली, या वेळी त्यांच्या प्रश्नाचा चष्मा लावून. आणि लक्षात आलं की मी टाळ्या घेण्यासाठी सांगितलेली गोष्ट अर्धीच होती.

जॅनेटचं म्हणणं कळण्यासाठी या शर्यतींबद्दल थोडं सांगायला हवं. शोरूममध्ये विकायला ठेवलेल्या गाडीसारखी दिसणारी, पण शर्यतीसाठी आतून पूर्ण नव्यानं बांधलेली गाडी म्हणजे स्टॉक कार. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत चोरटी दारू वाहून नेणारे लोक पोलिसांना चुकवायला गाड्यांची इंजिनं वाढवून घेत. पुढं त्यांच्यातच पैजा लागू लागल्या, आणि त्यातून या खेळाला रंग चढला. १९४८ मध्ये बिल फ्रान्स यांच्या पुढाकारानं त्याची रीतसर संस्था निघाली, नॅस्कार. लंबगोल ट्रॅक, वळणावर भिंतीसारखी चढत गेलेली जमीन, ताशी अडीचशे-तीनशे किलोमीटरचा वेग, आतमध्ये भट्टीसारखी उष्णता, आणि तीन-चार तास एकमेकींना जवळजवळ घासत धावणाऱ्या चाळीसेक गाड्या. असा हा खेळ.

जॅनेटला वर्तमानपत्रांनी ‘नॅस्कारमधली पहिली बाई’ म्हटलं. ते खरं नव्हतं. नॅस्कारच्या सर्वोच्च मालिकेची अगदी पहिली शर्यत १९ जून १९४९ रोजी शार्लट इथं झाली, आणि त्या पहिल्याच शर्यतीत सारा ख्रिश्चन नावाची बाई होती. पुढच्याच महिन्यात डेटोनाच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या शर्यतीत सारा, लुईस स्मिथ आणि एथेल फ्लॉक मोब्ली अशा तिघीजणी उतरल्या. त्याच वर्षी पिट्सबर्गजवळच्या एका शर्यतीत सारा पाचवी आली. या मालिकेत याहून वरचा क्रमांक आजवर कुठल्याही बाईला मिळालेला नाही.

आता आमच्या बाईंचा प्रश्न इथं लावून बघा. साराची गाडी तिच्या नवऱ्याच्या मालकीची होती. लुईस स्मिथचा किस्सा तर प्रसिद्धच आहे. शर्यत बघायला जाते म्हणून ती नवऱ्याची नवी फोर्ड घेऊन डेटोनाला गेली, तिथं स्वतःच शर्यतीत उतरली आणि गाडीचा चेंदामेंदा करून घरी परतली. गाडी वाटेत बिघडली अशी थाप तिनं मारली, पण नवऱ्यानं अपघाताची बातमी पेपरात आधीच वाचलेली होती. ऐकायला गंमत वाटते. पण नवऱ्याच्या गाडीवर अवलंबून असलेलं धाडस किती दिवस टिकणार? आयोजकांना बायका हव्या होत्या त्या मुख्यतः गर्दी खेचायला. गर्दी आपोआप जमायला लागली तशी त्यांची गरज संपली. १९५० चं दशक सरेपर्यंत वरच्या शर्यतींतून बायका जवळजवळ दिसेनाशा झाल्या, आणि इतक्या विसरल्या गेल्या की १९७६ मध्ये पुन्हा एक बाई आली तेव्हा ती ‘पहिली’ ठरली. आपल्या चळवळीला हा अनुभव नवा नाही. आपल्यातली प्रत्येक पिढी पहिलीच ठरते, कारण आधीच्या पिढीची नोंद ठेवायला कुणी नसतं.

जॅनेटचा जन्म १९३८ चा. वडील विमानचालक. सोळाव्या वर्षी तिनं एकटीनं विमान चालवलं, सतराव्या वर्षी वैमानिकाचं लायसन मिळवलं. १९६० मध्ये मिशिगन विद्यापीठातून भौतिकशास्त्राची पदवी घेतली आणि विमानं बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर म्हणून रुजू झाली. अंतराळवीर-शास्त्रज्ञ निवडण्याच्या नासाच्या मोहिमेत अर्ज करून पहिल्या चाळणीतून पारही पडली. पण डॉक्टरेट नव्हती, म्हणून पुढं जाता आलं नाही. म्हणजे घरात शिक्षण होतं, बरी मिळकत होती, आणि ती गोरी होती. या गोष्टी नजरेआड करून तिला ‘शून्यातून वर आलेली’ ठरवण्याचं कारण नाही.

पगारातून तिनं एक जुनी जॅग्वार घेतली. गाडी तिची स्वतःची होती, हे इथं महत्त्वाचं. इंजिन उघडून, सगळे भाग सुटे करून, ते पुन्हा जोडायला ती स्वतः शिकली. रात्र-रात्र गाडीखाली झोपून काम करायचं, ओढून शर्यतीला न्यायची, चालवायची आणि पुन्हा परत ओढून आणायची. सेब्रिंगच्या बारा तासांच्या शर्यतीत आपल्या वर्गात तिनं दोनदा पहिला क्रमांक मिळवला. अशी तेरा वर्षं गेली. शर्यतींपायी नोकरीही गेली, साठवलेले पैसेही गेले. अडतिसाव्या वर्षी रोला व्होलस्टेट नावाच्या एका संघमालकानं तिला इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीसाठी बोलावलं. त्याचा संघ छोटा, बेताच्या पैशावर चालणारा.

इंडियानापोलिसची शर्यत स्टॉक कारची नव्हे. तिथल्या गाड्या वेगळ्या, उघड्या चाकांच्या. पण त्या ट्रॅकची मिजास अशी की १९७१ पर्यंत गाड्यांच्या गॅरेजमध्ये आणि पिटमध्ये बाईला पाऊल टाकायला मनाई होती. ती पत्रकार असो की खुद्द गाडीची मालकीण असो. जसा काही गाभाराच! तिथं १९७६ च्या मे महिन्यात जॅनेट आली. बाईच्या अंगात एवढी ताकद नसते, तासन्‌तास तिचं लक्ष राहत नाही, ती दुसऱ्यांचे जीव धोक्यात घालेल, असं जाहीरपणे बोलणाऱ्यांत नामवंत चालकही होते. गाडी चालवायची असते, उचलून न्यायची नसते, अशा अर्थाचं उत्तर ती देत असे. पण व्होलस्टेटची गाडी वेग घेईना. पात्रतेला लागणारा वेग गाठता येईना. ‘बघा, आम्ही म्हणत नव्हतो?’ असा सूर निघाला.

मग ए. जे. फॉइट या मातब्बर चालकानं आपली जादा गाडी तिला सरावापुरती दिली. तीच बाई, तोच ट्रॅक. थोड्याच फेऱ्यांत तिनं ताशी १८० मैलांचा, म्हणजे २९० किलोमीटरचा वेग गाठला. पात्रतेला तेवढा पुरेसा होता. पण त्या गाडीनं शर्यतीत उतरायची परवानगी काही मिळाली नाही. सराव झाला, गाडी परत गेली.

मैत्रिणींनो, आमच्या बाईंच्या प्रश्नाचं इतकं स्वच्छ उत्तर मला दुसरीकडे कुठं सापडलं नाही. ‘तिला जमत नाही’ आणि ‘तिच्याकडे साधन नाही’ या दोन वाक्यांतला फरक त्या एका सकाळी साऱ्यांसमोर मांडला गेला. शाळेत मागं पडलेल्या मुलीबद्दल, बचतगटाचं कर्ज घेऊन धंदा न चाललेल्या बाईबद्दल आपण हे पहिलं वाक्य किती सहज बोलून जातो! तिच्या हातात चांगली गाडी देऊन कुणी पाहिलेलं असतं का?

त्याच महिन्याच्या अखेरीस, ३० मे १९७६ रोजी, शार्लटला ६०० मैलांची स्टॉक कार शर्यत होती. तिथल्या ट्रॅकचे चालक हम्पी व्हीलर यांना जॅनेटमुळं तिकिटं खपतील असं दिसलं. त्यांनी तिला बोलावलं. पण गाडी? ती घेतली लिंडा फेरेरी या बाईनं. शार्लटच्याच एका बँकेत ती उपाध्यक्ष होती. म्हणजे मालकीणही बाई, चालकही बाई. सरावात गाडी पुरेशी पळेना, तेव्हा ज्युनियर जॉन्सन या प्रतिस्पर्धी संघमालकानं आपल्या गाडीची जुळणी कशी केली आहे ती माहिती तिच्या मेकॅनिकला देववली. लागलीच तिचा वेग वाढला. बंद दाराआडचं हे ज्ञान इतर वेळी बापाकडून मुलाकडे, मित्राकडून मित्राकडे जात असतं. बाईपर्यंत ते पोचलं की काय होतं पाहा. एवढ्या लांबच्या शर्यतीत ती शेवटपर्यंत टिकली आणि पंधरावी आली.

पुढचं वर्ष तिचं. १९७७ मध्ये फेरेरीच्या गाडीतून ती १९ शर्यतींत उतरली. डेटोना ५०० या सर्वांत मानाच्या शर्यतीत भाग घेणारी ती पहिली बाई. शेवटच्या दहा फेऱ्या उरल्या असताना इंजिननं दगा दिला, तरी ती बारावी आली आणि नवोदितांत पहिली. ब्रिस्टलला सहावी आली. सुरुवातीला तोंड फिरवणारे काही चालक आता तिच्याशी बरोबरीनं बोलू लागले. त्या वर्षी तिच्या गाडीवर नाव होतं केली गर्ल या कंपनीचं. ही कंपनी ऑफिसांना तात्पुरत्या कामासाठी टायपिस्ट, कारकून बायका पुरवी. ज्यांची नोकरी आज आहे आणि उद्या नाही, अशा बायकांच्या श्रमावर चालणाऱ्या धंद्याचं नाव मिरवत ही गाडी धावली. या योगायोगावर मी बराच वेळ विचार करत बसले होते.

त्याच मे महिन्यात ती इंडियानापोलिसच्या शर्यतीलाही पात्र ठरली. पात्रता फेरीतला तिचा वेग होता ताशी ३०० किलोमीटरच्या वर. तिथं वर्षानुवर्षांची घोषणा होती, ‘सद्‌गृहस्थहो, आपली इंजिनं सुरू करा.’ आता शर्यतीत बाई आहे, तर काय म्हणायचं? व्यवस्थापनानं शक्कल लढवली. इंजिन बाहेरून मेकॅनिक सुरू करतात, आणि ते तर सारे पुरुष. तेव्हा घोषणा बदलण्याचं कारण नाही! यावर जॅनेटच्या संघानं तिचं इंजिन सुरू करायला के बिग्नॉटी या बाईलाच उभं केलं. मग मालकांना शब्द बदलावेच लागले. पात्र ठरलेल्या पहिल्या महिलेच्या साथीनं, सद्‌गृहस्थहो, असं काहीसं वळण देऊन त्यांनी घोषणा केली. आपण भाषेवरून भांडतो तेव्हा ‘क्षुल्लक गोष्टींवरून वाद घालता’ म्हणणाऱ्यांना हा प्रसंग सांगावा. भाषा क्षुल्लक असती, तर एवढी शक्कल कशाला लढवली असती? शर्यतीत मात्र तिचं इंजिन २७ फेऱ्यांनंतर बंद पडलं. वर्षभरानं, १९७८ मध्ये, एका तेल कंपनीच्या पैशावर तिनं स्वतःचा संघ उभा केला आणि मनगटाचं हाड मोडलेलं असताना, ते लपवून, त्याच शर्यतीत नववी आली.

इथपर्यंतची गोष्ट मी त्या शनिवारी सांगितली होती. पुढची सांगितली नव्हती. ती अशी.

१९७८ मध्ये जॅनेटला स्टॉक कारच्या फक्त सात शर्यती मिळाल्या. १९८० मध्ये दोन, त्यांतल्या डेटोनाच्या शर्यतीत ती अकरावी आली. त्यानंतर एकही नाही. एकूण ३३ शर्यती, पाच वेळा पहिल्या दहांत. कुणी तिला बंदी घातली नाही, नियम बदलला नाही, अपघात झाला नाही. प्रायोजक मिळेना, एवढंच. या मालिकेचं नावच तेव्हा एका सिगारेटच्या ब्रँडवरून ठेवलेलं होतं. गाड्यांवर झळकत होती बिअर, इंजिन ऑईल, तंबाखू. ज्या कंपन्यांना पुरुषाला माल विकायचा आहे, त्यांना गाडीत बाई कशाला हवी? तीनेक वर्षं ती कंपन्यांचे उंबरे झिजवत राहिली. १९८३ मध्ये तिनं तो नाद सोडला. तेव्हा ती पंचेचाळीस वर्षांची होती, आमच्या वर्गातल्या त्या बाईंच्याच वयाची.

मग मानसन्मान आले. तिचं हेल्मेट आणि पोशाख स्मिथसोनियन या राष्ट्रीय संग्रहालयात गेला. २००५ मध्ये तिचं आत्मचरित्र निघालं. २०२४ मध्ये नॅस्कारच्या हॉल ऑफ फेमनं गौरव केला. हेल्मेट जतन करायला जागा मिळाली. ते घालणारीला चाळिशीत गाडी मिळाली असती तर जास्त बरं झालं नसतं का?

जॅनेटनंतर तीस-पस्तीस वर्षांनी डॅनिका पॅट्रिकला पैसा मिळाला, भरपूर मिळाला. २०१३ मध्ये डेटोनाच्या शर्यतीत सर्वांत पुढच्या जागेवरून सुरुवात करणारी ती पहिली बाई. त्या शर्यतीत ती आठवी आली. पण प्रायोजक कंपनीच्या जाहिरातींत तिचं चालवणं कमी आणि शरीर जास्त विकलं गेलं. मी तिला दोष देत नाही. दार एवढंच उघडं असेल तर माणूस त्यातूनच आत शिरणार. दोष दाराचा आहे. २०१८ मध्ये ती निवृत्त झाली, आणि नॅस्कारच्या सर्वोच्च मालिकेत पुढची बाई दिसायला २०२५ चा मार्च उजाडला. कॅथरीन लेग. सात वर्षं पुन्हा कुणीही नव्हतं.

‘गाडी कुणाची’ हा प्रश्न फक्त बाईचा नाही, हेही सांगायला हवं. वेंडेल स्कॉट हा कृष्णवर्णीय चालक १९६० च्या दशकात स्वतः मेकॅनिकचं काम करत, जुन्या गाड्या दुरुस्त करत याच मालिकेत लढला. १९६३ च्या डिसेंबरमध्ये जॅक्सनव्हिलला तो जिंकला, तर विजेता म्हणून आधी दुसऱ्याचंच नाव जाहीर केलं गेलं. चूक मान्य झाली ती गर्दी पांगल्यावर. त्या दिवशीचा चषक त्याला हयातीत मिळालाच नाही. साधनं ज्यांच्या हाती, त्यांनी वर्णावरून, जातीवरून, बाई-पुरुष म्हणून कुणाला अडवायचं असेल तर ‘नाही’ म्हणावंच लागत नाही. पैसा आखडता घेतला की पुरतं.

काहीजणी म्हणतील, पेट्रोल जाळत गोल-गोल फिरण्याच्या, सिगारेट कंपन्यांच्या जिवावर चाललेल्या खेळाचं आपल्याला काय? रेशनचे, मारहाणीचे, पाण्याचे प्रश्न सोडून हे कशाला? आक्षेप रास्त आहे. मलाही या खेळाचं प्रेम नाही. पण मला या कहाणीतून आपल्याच कामातली एक खोट दिसली. आपण प्रशिक्षणं घेतो, प्रमाणपत्रं वाटतो, आठ मार्चला ‘पहिल्या महिला’ शोधून त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करतो. आत्मविश्वास वाढवण्यावर आपला सगळा भर. जॅनेटकडे आत्मविश्वास कमी होता का?

आपल्याच साताऱ्याच्या सुरेखा यादव बघा. १९८९ मध्ये त्या रेल्वेत सहायक चालक म्हणून लागल्या, देशातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक ठरल्या, आणि २०२५ मध्ये निवृत्त झाल्या. तब्बल ३६ वर्षं! धैर्य दोघींकडे होतं. फरक असा की सुरेखाताईंचं इंजिन सरकारी होतं. भरती परीक्षेनं झाली, पगार महिन्याला आला, उद्या इंजिन द्यायचं की नाही हे कुठल्या कंपनीच्या मर्जीवर नव्हतं. म्हणूनच त्यांच्यामागून रेल्वेत शेकड्यांनी बायका चालक झाल्या. पहिलीच्या मागं दुसरी, तिसरी आणि शंभरावी येते ती सत्कारानं नव्हे, अशा व्यवस्थेनं. सरकारी नोकऱ्या कंत्राटी होत चालल्या आहेत, त्याविरुद्धचा लढा बायकांचा का आहे, हे मला जॅनेटमुळं जास्त नीट कळलं.

आमच्या वर्गात आम्ही एक बदल केला आहे. क्लच-ब्रेकबरोबर आता आरसी बुक कसं वाचायचं, त्यावर कुणाचं नाव असतं, कर्जाचा बोजा म्हणजे काय, जामीनदार न मिळाल्यास काय करायचं, परमिट आणि विमा कुणाच्या नावे, हेही शिकवतो. प्रश्न विचारणाऱ्या बाईंसाठी कर्जाचा अर्ज केला होता, तो ‘नवऱ्याची सही आणा’ म्हणून परत आला. नवरा बारा वर्षांपूर्वी सोडून गेलेला. आता चौघीजणी मिळून एक जुनी टेम्पो-टॅक्सी घेण्याच्या खटपटीत आहेत. जमेल की नाही, सांगता येत नाही. चौघींच्या नावावर गाडी चढवता येईल का, भांडण झालं तर वाटणी कशी, रात्रीची पाळी कोण करणार, यावर दर शनिवारी वाद होतात. हे वाद मला शुभलक्षण वाटतात.

तुमच्या गटानं बायकांच्या नावे गाडी, रिक्षा, टेम्पो, ट्रॅक्टर घेण्याचा प्रयत्न केला असेल, फसला असेल तरी, तो अनुभव या अंकाच्या पत्त्यावर जरूर लिहून पाठवा. कोणती कागदपत्रं लागली, कुणी अडवलं, कुणी वाट काढून दिली, हप्ते कसे फेडले, सगळं. या चौघींना त्याचा उपयोग होईल. आणि पुढच्या शनिवारी त्या बाईंनी तोच प्रश्न विचारला, तर या वेळी मला उत्तर देता यायला हवं.